तुतीच्या खुंटाचं काय ते ठरवा

झाड तोडलं की झाडाची गोष्ट संपली, असं लोकांना वाटतं. खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. ती सांगायला सहसा कोणी उरत नाही, म्हणून मी सांगतो. मी तुतीचा खुंट. उंची गुडघ्याएवढी, घेर दोन हातांच्या मिठीत मावेल इतका, आणि स्वभाव, अलीकडे, चिडका.

पूर्वी मी असा नव्हतो. बावीस वर्षांपूर्वी तर मी झाडसुद्धा नव्हतो, नुसती काडी होतो. या घरच्या आईनं परसात टोमॅटोचं एक रोप लावलं होतं आणि ते सारखं लवंडायचं. आधाराला म्हणून तिनं कुठल्याशा कुंपणावरची काडी मोडून आणली आणि रोपाशेजारी खोचली. (तिला सगळे आई म्हणतात, शेजारचे काकासुद्धा; म्हणून मीही म्हणतो.) टोमॅटो महिनाभरात मेला. मी मात्र पालवलो. भाजी धुतलेलं पाणी टाकायला आई बाहेर आली, माझं पहिलं पान तिनं पाहिलं आणि इतकी हसली की आतून बाबा ओरडले, "काय झालं?"

"काही नाही. आधाराला आणलेला पाहुणा राहायला आलाय."

तेव्हापासून भाजी धुतलेलं पाणी रोज सकाळी माझ्या बुंध्याशी. स्वयंपाकघरात मोरी असताना ती पातेलं घेऊन बाहेर यायची. दोन मिनिटं उभी राहायची, वर बघायची, आत जायची. बोलायची नाही फारशी. मलाही ते आवडायचं.

बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. माझी फळं पिकली की खाली पडायची, दोरीवर वाळणाऱ्या शर्टांवर जांभळे ठिपके उमटायचे. दर उन्हाळ्यात ते म्हणायचे, "एक दिवस हे झाड मी काढणार आहे." दर उन्हाळ्यात मुलगा माझ्या फांदीवर बसून, जांभळ्या तोंडानं म्हणायचा, "काढा की." वीस वर्षं हे असंच चाललं. मी काही मनावर घेतलं नाही.

मग मुलाचं लग्न ठरलं. मुलगा आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. बोलणी करायला मुलीकडची माणसं आली, आणि आत उकडत होतं म्हणून खुर्च्या परसात, माझ्याच सावलीत मांडल्या. मुलगी अगदी गप्प. विचारलं तेवढ्याचं उत्तर. शेवटी बाबांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुला काही विचारायचंय का बेटा?"

ती म्हणाली, "मी शिवणकाम करते. मला मशीन ठेवायला जागा लागेल. एवढंच."

"जागा?" बाबा खूश झाले. "अगं, खोली बांधू की! इथे, परसात. हात धुवायला नळ, उजेडाला खिडकी." त्यांचं बोट हवेत फिरलं, खिडकी दाखवून आलं, दार दाखवून आलं, आणि माझ्यावर येऊन थांबलं. "हे काय, काढूनच टाकायचंय."

आई तेव्हा आत चहा गाळत होती.

पुढच्याच महिन्यात आई चार दिवस बहिणीकडे गेली. तेवढ्यात बाबांनी करवतवाला बोलावला. दुपारी तीनपर्यंत मी होतो, साडेचारला नव्हतो. करवतीची साखळी शेवटी अडकली, करवतवाला वैतागला आणि गुडघाभर उंचीचा मी तसाच राहिलो. बाबा म्हणाले, "राहू दे. उरलेलं आम्ही रविवारी काढू. घरात दोन पुरुष आहेत."

या वाक्यानं माझं वाटोळं केलं.

आई परत आली. मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाबा घाईघाईनं म्हणाले, "सूनबाईंच्या खोलीसाठी गं. आता बघ कसा लख्ख उजेड येतो ते." आईनं पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि "हो, येतोय खरा," असं म्हणून कुकर लावायला गेली. भांडण नाही, रडणं नाही. बाबांना वाटलं, प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पातेलं घेऊन बाहेर आली आणि पाणी माझ्यावर ओतून गेली.

आता मला सांगा, मी काय करायचं? फांद्या गेल्या, पानं गेली, पण जमिनीखाली सगळं शाबूत. बावीस वर्षांची मुळं, त्यांच्यात साठवलेलं अन्न, वर रोजचं पाणी. अकराव्या दिवशी सालीला खाज सुटली आणि कोंब फुटले. लोकांना वाटतं, झाड जिद्दीनं फुटतं. कसली जिद्द? शिंक यावी तसं ते येतं. थांबवायला गेलं तरी थांबत नाही.

लग्न झालं, नवी सून घरात आली, आणि तिचं मशीन आलं. ते बोळकांडीत ठेवलं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मध्ये. "रविवारपर्यंतच हं," बाबा म्हणाले. कोणाला न्हाणीघरात जायचं असलं की ती उठायची, खुर्ची सरकवायची, पोट आत घेऊन उभी राहायची, परत बसायची. कापड कापायचं तर पलंगावर. एकदा तिनं कापडाबरोबर चादरही कापली. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. चादर दुमडून, शिवून, उशीचे अभ्रे केले. दोरीवर वाळत घातले तेव्हा मी ओळखली ती चादर.

आणि तिची खोली ज्या जागी व्हायची, त्या जागेच्या बरोब्बर मधोमध मी बसलेलो.

पहिला रविवार मुलाचा. त्यानं कोयत्यानं माझे सगळे कोंब वरच्या वर छाटले आणि हात झटकले. प्रत्येक कोंबाच्या जागी तीन आले. मग तीन रविवार कोणी फिरकलं नाही. एकदा पाहुणे, एकदा सर्दी, एकदा मॅच. तोवर माझी पानं तळहाताएवढी झाली, उन्हात बसून त्यांनी मुळांना महिनाभराची शिदोरी पोचवली. मग मुलगा चिडून परत छाटायला आला. दर आठवड्याला, पान उलगडायच्या आत कोंब खुडले असते तर मी उपासमारीनं कधीच संपलो असतो. पण नाही. मला आधी पोटभर जेवू घालायचं आणि मग मारायचं, अशी या घरची पद्धत.

मग बाबांनी प्रकरण हातात घेतलं. त्यांनी एक वही सुरू केली. वहीवर नाव: 'खुंट'. ड्रिलनं माझ्या डोक्यात चौदा भोकं पाडली, प्रत्येकात चमच्यानं मोजून मीठ भरलं, तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं आलं. मीठ विरघळून खाली गेलं, आणि माझ्या शेजारचा गुलाब आठ दिवसांत करपला. बाबांनी वहीत लिहिलं, 'परिणाम दिसू लागला.'

मीठ झालं, मग काळं प्लास्टिक झालं. मला गुंडाळून, कडेनं विटा ठेवून, बाबा म्हणाले, "उजेडच मिळाला नाही तर करतो काय?" विचार बरोबर होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. अंधारात माझे कोंब पांढरेफटक पडले होते. पण तीन दिवसांनी सकाळी आईनं एक वीट पायानं सरकवली, प्लास्टिक वर केलं, पाणी ओतलं आणि ते तसंच उघडं टाकून गेली. संध्याकाळी म्हणाली, "वारा किती सुटलाय."

पानही हलत नव्हतं. माझी पानं होती, मला विचारा.

शेवटी पालापाचोळा रचून मला पेटवायचाही प्रयत्न झाला. मी ओला, पेटतो कसला? धूर तेवढा झाला आणि तो सगळा शेजारच्या काकांच्या दोरीवर गेला. काका भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, "अहो, झाड होतं तेव्हा एवढा त्रास नव्हता हो!"

"प्रयोगाला वेळ द्यावा लागतो," बाबा म्हणाले.

"बाबा, सात महिने झाले," मुलगा म्हणाला. "खणणारा माणूस बोलवू या."

"घरात दोन पुरुष असताना खड्डा खणायला माणूस बोलवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायत ना आत्ताच. काकांचे कपडे बघा."

"तू आधी नीट छाटत जा. अर्धवट काम करतोस आणि मला शिकवतोस!"

हे चाललं होतं तेव्हा सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती खिडकी बरोबर माझ्यासमोर उघडते. बाबांचं मीठ तिला दिसायचं, मुलाचा कोयता दिसायचा आणि आईचं पातेलंही दिसायचं. सगळा हिशोब तिला पहिल्या महिन्यातच कळला होता. पण बोलणार कशी? सासऱ्यांना सांगावं तर सासूची चुगली. सासूला विचारावं तर, आल्या आल्या जाब विचारायला लागली. नवऱ्याला एकदा तिनं आडून सुचवून पाहिलं, "पाण्यामुळे फुटत असेल का हो?" तो म्हणाला, "पाऊस कुठे पडलाय?" मग ती गप्पच बसली. मला तिची चीड यायची. तिची आणि माझी अडचण एकच होती आणि ती सोडवायला तोंड फक्त तिला होतं.

तिचं तोंड उघडायला ऐंशी एप्रन लागले.

जवळच्या प्रसूतिगृहातल्या बाईंनी तिला काम देऊ केलं: ऐंशी एप्रन, आणि ते नीट झाले तर दर महिन्याचं काम, चादरी, पडदे, बाळांची दुपटी. पण कापड ठेवायला स्वच्छ खोली हवी, बोळकांडी चालणार नाही. बाईंनी फोनवर विचारलं, "जागेचं शुक्रवारपर्यंत सांगशील?" मागच्या पायरीवर बसून ती बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं. लगेच तिच्या भावाचा फोन. त्याचा आवाज मोठा, तोही ऐकू आला. "किती दिवस त्या बोळात बसणार आहेस? मशीन इकडे आणून ठेव. महिन्यातून दोनदा ये, शिव, जा." ती "बघते" म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली. मी खुंट असून मला खाली बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी आई पातेलं घेऊन आली. सून तिच्यामागून बाहेर आली.

"आई, थांबा जरा."

आई थांबली.

"मोरी आत आहे," सून म्हणाली. "तुम्ही हे पाणी इथे का टाकता, ते मला माहितीये. मी कोणाला सांगितलेलं नाही."

"टाकायचं पाणी आहे, टाकते," आई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तुम्हाला झाड हवं असेल तर तसं सांगा. मी मशीन माहेरी नेऊन ठेवते. रागानं नाही म्हणत. पण मला शुक्रवारी उत्तर द्यायचंय, आणि दर रविवारी हे दोघं याला मारतात, दर सकाळी तुम्ही जगवता, आणि मी मधल्या बोळात पोट आत घेऊन उभी. एक काय ते होऊ दे."

इतकी वाक्यं सलग बोलताना तिला मी पहिल्यांदाच ऐकलं. आईनंही ऐकलं असावं पहिल्यांदाच. पातेलं कमरेवर धरून ती माझ्यावर बसली. भोकांवरच बसली, पण मी काही बोललो नाही.

"अगं," ती हळूच म्हणाली, "मी बहिणीकडे गेले होते. चार दिवस. आले तर हे असं. बावीस वर्षं. तुझा नवरा यावरून पडून हात मोडून आला होता. तोडू का, म्हणून मला कोणी विचारलं?"

"नाही."

"खोली नको असं नव्हतं माझं. तुझ्याबद्दल तर काहीच नव्हतं. पण मला विचारायचं तरी!"

सून आईसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी विचारते. तोडू का?"

"आता विचारतेस? तुटून सात महिने झाले!"

"मी आले तेव्हा तुटलेलंच होतं, आई. त्याआधी विचारायला मी होते कुठे?"

आईला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं. डोळे पुसत ती म्हणाली, "तेही खरंच." मग माझ्या सालीवरून हात फिरवला, फुटलेल्या कोंबाशी थांबली, आणि म्हणाली, "काढ. पण नीट काढ. या रविवारच्या मंडळींना हात लावू देऊ नकोस. खणणारा बोलव."

इतकंच? मला ओरडावंसं वाटलं. इतकंच होतं? एक प्रश्न, एक उत्तर! यासाठी माझ्या डोक्यात चौदा भोकं पाडली, मीठ भरलं, मला गुंडाळलं, जाळलं. गुलाब बिचारा हकनाक गेला. दोन शब्द कोणी आधी बोललं असतं, 'तोडू का', तर आईनं सात महिन्यांपूर्वीच उत्तर दिलं असतं. हो म्हणाली असती नाहीतर नाही. दोन्ही चाललं असतं मला. अर्धवट जगणं तेवढं चालत नव्हतं.

आईनं स्वतः फोन लावला. बाबांना आतून ऐकू गेलं. ते वही घेऊनच बाहेर आले. "कोणाला विचारून माणूस बोलवलात?"

आई म्हणाली, "तुम्ही कोणाला विचारलं होतं?"

बाबा वही मिटून आत गेले. मग पाच मिनिटांनी परत येऊन, कोणाकडेही न बघता म्हणाले, "सकाळी लवकर ये म्हणावं त्याला. दुपारी ऊन फार असतं."

गुरुवारी खड्डेवाले मामा आले. म्हातारा, बारीक, पायात रबरी बूट. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, चौदा भोकं पाहिली आणि विचारलं, "ही चाळणी कोणी केली?"

"प्रयोग होता," बाबा म्हणाले.

"बरं झालं, उरकला." मामांनी कुऱ्हाडीला हातच लावला नाही. माझ्यापासून दोन हात लांब, गोल चर खणला. मग पाइपानं पाणी मारून मुळांवरची माती धुतली. मातीतल्या खड्यानं करवतीची धार जाते म्हणे. मग एक एक मूळ करवतीनं कापलं. एकही घाव नाही, सगळं शांतपणे. सात महिन्यांत पहिल्यांदाच मला कोणीतरी कामाची गोष्ट म्हणून वागवत होतं.

धुतलेली मुळं उन्हात पिवळीजर्द दिसायला लागली. तुतीची मुळं हळदीच्या रंगाची असतात, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई काठाशी येऊन वाकली आणि एक तुकडा उचलून हातात धरला. "बावीस वर्षं पाणी घातलं," ती म्हणाली, "आणि हे कधी पाहिलंच नाही." मग तो तुकडा सुनेच्या हातात देऊन म्हणाली, "बघ गं, काय रंग आहे." बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वहीत काही लिहिलं नाही.

सव्वाचारला मामांनी आणि मुलानं मिळून पहारीवर जोर दिला. खालचं मोठं मूळ मोडल्याचा आवाज झाला, आणि मी बाहेर आलो. खड्डा माझ्या अंदाजापेक्षा मोठा होता. मामांनी उरलीसुरली पिवळी मुळं वेचून काढायला सांगितली, "नाहीतर एक दिवस फरशीतून पान वर येईल तुमच्याकडे." चौघंही खाली बसून वेचत होते. आईच सगळ्यात जास्त वेळ बसली.

शुक्रवारी सकाळी सुनेनं फोन लावला. "जागा आहे. महिनाभरात खोली होईल, तोपर्यंत पुढची खोली मला दिलीये." पुढची खोली म्हणजे बाबांची वाचायची खोली. आई म्हणाली म्हणून दिली. पण बाबांनी टेबल स्वतः उचललं. आता तिथून मशीनचा आवाज येतो. परसात चुन्याची रेघ मारली आहे, दहा बाय आठ.

आणि मी? मी कुंपणाच्या भिंतीशी उलटा पडून आहे, मुळं आभाळाकडे. शेजारचे काका रोज भिंतीवरून बघतात आणि म्हणतात, "अजून इथेच?" मला न्यायला हातगाडीवाला येणार आहे. तो मागच्या सोमवारी म्हणाला, उद्या येतो. मंगळवारी म्हणाला, उद्या नक्की. आज शनिवार. उद्या रविवार, आणि मला रविवारांची फार भीती वाटते.

मी कोणावर रुसलेलो नाही. काडी म्हणून आलो, सावली दिली, शर्ट खराब केले, एका पोराला हात मोडेपर्यंत खेळवलं. बावीस वर्षांत याहून जास्त काय करायचं असतं? जायला मी तयार आहे. आई काल येऊन निरोप घेऊन गेली, दोन मिनिटं उभी राहून, न बोलता, नेहमीसारखी. सगळं कसं नीट झालं होतं.

पण आज सकाळपासून डाव्या अंगाच्या सालीला परत खाज सुटली आहे. पोटात थोडंफार उरलेलं असणार. संध्याकाळपर्यंत हिरवं काहीतरी दिसायला लागेल, आणि ते आईला दिसायच्या आत, हात जोडून सांगतो, त्या हातगाडीवाल्याला कोणीतरी फोन करा.